एचडीतली बाही

आईने केबलवाल्याला एचडी बंद करायला सांगितलं तेव्हा तो आमच्या दुकानात आरशासमोर स्टुलावर उभा होता आणि ती त्याच्या नव्या पँटची खालची दुमड टाचण्यांनी बसवत होती. त्यामुळे त्याला वाद घालता येत होता, पण हातवारे करता येत नव्हते.

"काकू, लोक साध्यावरून एचडीवर जातात. एचडीवरून साध्यावर आलेलं गिऱ्हाईक मी अजून बघितलेलं नाही."

"आता बघ. आणि हलू नकोस."

"चित्र अडकतं का? आवाज मागेपुढे होतो?"

"काही होत नाही."

"मग?"

आईच्या ओठांत टाचण्या होत्या. त्या काढून तिने मनगटावरच्या गादीला टोचल्या.

"फार दिसतं," ती म्हणाली.

केबलवाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी बाकावर मुद्रितं तपासत बसले होते. प्रकाशनाचं काम घरून करता येतं, म्हणून बाबा गेल्यापासून मी इथेच राहत होते. मी खांदे उडवले. कमी दिसतं, खरखर दिसतं, अजिबात दिसत नाही, या तक्रारींवर त्याच्याकडे उत्तरं असावीत. फार दिसतं, यावर नव्हतं.

"सोमवारच्या आत झालं पाहिजे," आई म्हणाली.

"करतो ना. तुम्ही सांगितलंत म्हणजे झालंच."

आमच्या केबलवाल्याचा लौकिक असा, की एखादी गोष्ट चालू करायची असेल तर आपलं वाक्य पुरं व्हायच्या आत चालू होते. बंद करायची असेल तर 'करतो' एवढाच शब्द मिळतो आणि त्यावर महिने काढावे लागतात. आईला हे चांगलं माहीत होतं. पण त्या दिवशी तिच्या डोळ्यांपुढे सोमवार सोडून काहीच नव्हतं.

सोमवारी शहराच्या बातम्यांत एक राखाडी कोट दिसणार होता, आणि त्या कोटाच्या बाह्या आईने बसवल्या होत्या.

हे नीट सांगायला हवं. पुढे दुकान आणि मागे घर, मध्ये एक जाड पडदा, अशी आमची जागा. बाबा कोट शिवायचे. पँटी, शर्ट, दुरुस्त्या याही दुकानात व्हायच्या, पण त्यांना बाबा 'चहापाणी' म्हणायचे. जेवण म्हणजे कोट. आई त्यांच्याबरोबर जन्मभर काम करत आली होती. काजं तिची, अस्तर तिचं, बटणं तिची, शेवटची इस्त्री तिची. एकच काम तिच्याकडे कधी आलं नाही, ते म्हणजे बाही. कोटाची बाही लावत नाहीत, बसवतात. बाहीचा घेर मुंढ्याच्या, म्हणजे ती जिथे जोडायची त्या खांद्याकडच्या भोकाच्या, घेराहून मोठा असतो आणि तो जास्तीचा घेर कुठेही चुणी न पडू देता जिरवायचा असतो. "कापडाला कळता कामा नये," बाबा म्हणायचे, "की आपल्याला फसवलं."

संध्याकाळी दुकान मिटलं की दोघं पडद्यामागे टीव्हीसमोर बसायची. आईच्या मांडीवर काम असायचं आणि नजर त्या कामात, म्हणून ती बातम्या ऐकायची. बाबा बघायचे. ऐकत अजिबात नसत. कुठल्या मंत्र्याने राजीनामा दिला ते आई सांगायची. कुठल्या कोटात दिला ते बाबा. "गळा मागे पडलाय त्याचा," बाबा हळहळायचे, "असा कोट घातल्यावर राजीनामा द्यावाच लागणार." दोघांचा मिळून एक पुरेसा माहितगार माणूस व्हायचा.

बाबा माणसांना नावांनी ओळखत नसत. अंगातल्या खोटींनी ओळखायचे. एक पोक होतं, एक आखूड हात होता, एक पुढे आलेलं पोट होतं (त्याला 'संस्थानिक' म्हणायचे). शहराच्या बातम्या देणारे गृहस्थ आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे. टीव्हीवर तो कधी कुणाला कळला नाही, कारण बाबा आतून भरणी देऊन तो उचलून धरायचे. तोंडावर ते 'साहेब' होते. पडद्यामागे 'उतरता खांदा'. "आज उतरता खांदा काय घालून बसलाय?" हा आमच्याकडे बातम्या लावतानाचा पहिला प्रश्न.

आणि एचडी आमच्याकडे आलं तेही या उतरत्या खांद्यामुळेच.

बाबांनी त्यांना एक बारीक चौकडीचा कोट शिवला होता. चौकडीत शिंप्याची परीक्षा असते. खिशाची रेघ अंगाच्या रेघेशी आणि कॉलरची पाठीशी जुळावी लागते. बाबांची जुळली होती, आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. पण साहेब तो कोट घालून बातम्यांना बसले आणि पडद्यावर ती चौकडी नाचायला लागली. खांद्यावर लाटा उठत होत्या, खिशाजवळ भोवरे फिरत होते. बाबा जेवणावरून उठले. "माझी चौकडी हलतेय," एवढंच म्हणत राहिले. केबलवाल्याला बोलावणं गेलं. तो म्हणाला, "मास्टर, चौकडी नाही हलत. चित्राचे ठिपके मोठे आहेत, बारीक रेघा त्यांत मावत नाहीत. एचडी घ्या, गुमान बसेल." घरातला टीव्ही मोठा आणि चांगला होता, आत येणारं चित्र तेवढं जुन्या पद्धतीचं होतं. बाबांनी तिथल्या तिथे एचडी घेतलं. दुसऱ्या संध्याकाळी साहेबांनी त्यांच्या सांगण्यावरून तोच कोट पुन्हा घातला. बाबा चष्मा कपाळावर सरकवून पडद्याला नाक लावून उभे राहिले. आम्हाला बाबांच्या पाठीखेरीज काही दिसत नव्हतं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "जुळलीय," आणि राहिलेली पोळी मागून घेतली.

एचडी वसूल झालं, असं ते त्यानंतर कायम म्हणायचे. त्या एका संध्याकाळीच वसूल झालं, आता वरचं सगळं फुकट.

गेल्या थंडीत बाबा गेले.

कापायच्या टेबलावर साहेबांचा राखाडी कोट राहिला होता. अंग तयार, गळा तयार, आणि दोन बाह्या बाजूला घडी करून ठेवलेल्या, एकीवर एक. काही आठवड्यांनी साहेब आले, त्या घडीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वहिनी, आहे तसा द्या. मी दुसरीकडून पुरा करून घेईन."

"दुसरीकडून?" आई म्हणाली. "यांच्या मुंढ्यात परक्याची सुई घालणार? बसा. चहा घ्या. कोट मिळेल."

मग ती बाह्यांना लागली. तिने किती वेळा बसवल्या आणि किती वेळा उसवल्या ते मला माहीत नाही. सकाळी केर काढताना सुपलीत पांढऱ्या कच्च्या दोऱ्यांचा पुंजका यायचा, त्यावरून आदल्या संध्याकाळचा अंदाज करायचा. मी मदत म्हणून काही विचारलं तर ती म्हणायची, "तू तुझे काने-मात्रे बघ."

एक दिवस पुंजका आला नाही.

साहेब कोट न्यायला आले ते घाईत. बाहेर गाडी चालू ठेवलेली. बाबा असते तर त्यांनी गाडी बंद करायला लावली असती. कोट गिऱ्हाइकाला आरशासमोर घालून बघावाच लागे, आणि बाबांची एक पद्धत होती: डाव्या खांद्यामागे कच्च्या दोऱ्याचे दोनचार टाके ते मुद्दाम राहू देत. मागून, पुढून, हात वर करून सगळं पाहिलं की नखाने दोऱ्याचं टोक उचलायचे, सर्रकन ओढायचे आणि म्हणायचे, "आता तुमचा." तोवर कोट दुकानाचा. पण साहेब म्हणाले, "घालून काय बघायचंय वहिनी, माप तर मास्टरांचंच आहे," आणि आईने कोट इतक्या चटकन कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिला, की मी बघतच राहिले. ते आरशासमोर उभे राहिले नाहीत याचं तिला बरं वाटलं होतं. गाडी वळून गेल्यावर ती स्टुलावर बसली.

"सोमवारी घालतो म्हणाले," ती म्हणाली.

"मग बघू की सोमवारी."

"बघू काय? एचडीत?"

आता मला कळलं. शेजारचा मोबाइलची कव्हरं विकणारा बरेच दिवस आमच्या दुकानाची जागा मागत होता. आईने त्याला आणि मला एकच सांगून ठेवलं होतं: "बाही बसली तर दुकान राहील. नाही बसली तर पँटी आखूड करायला एवढी जागा अडवून काय करू? मग तो घेऊ दे." आणि बसली की नाही याचा निकाल आरशात लागायचा होता, तो तिने टाळला. आता तो टीव्हीवर लागणार होता. दुसऱ्या दिवशी केबलवाला पँट घेऊन आला आणि तिने त्याला एचडी बंद करायला सांगितलं.

आत्याला हा निर्णय एकदम पसंत पडला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. वरच्या मजल्यावर राहते आणि संध्याकाळी मालिका बघायला खाली येते. तिच्याकडे स्वतःचा टीव्ही आहे, पण त्याच्याशी बोलता येत नाही, असं ती म्हणते.

"अगं, मी तर पहिल्यापासून सांगत होते," आत्या म्हणाली. "या एचडीने माझ्या मालिकेची माती केली. पूर्वी ती सून रडायची तर माझ्या पोटात कालवायचं. आता बाटलीतून घातलेलं पाणी कळतं. आणि ती सासू आहे ना, तिला मिशी आहे."

"वन्सं, तिला मिशी असावी असं आपल्याला आधीपण वाटायचं."

"वाटणं वेगळं आणि दिसणं वेगळं! आपल्याला काय करायचंय तिच्या मिशीशी? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"पण आत्या," मी म्हटलं, "ती मूठ आपल्याच घरची असली तर?"

"तर आणखी घट्ट झाकावी. तू शिकलेली, तुला चुका शोधायचे पैसे मिळतात. आम्हाला कोण देतंय? उलट आम्हीच भरतोय. महिन्याच्या महिन्याला पैसे मोजून लोकांच्या सुरकुत्या बघायच्या, हा कुठला शहाणपणा?"

आई अस्तराला टाके घालत होती. तिने बाजू घेतली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "यांना आवडायचं."

"त्याला आवडायचं कारण त्याची बाही बसलेली असायची," आत्या म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. आईने मान वर केली नाही, पण सुई थांबली. मग आत्याने उठून सगळ्यांसाठी चहा टाकला. आत्याकडून चहा म्हणजे माफीनामा, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

सोमवारी सकाळपासून आई इतकी शांत होती की शेजारचा कव्हरवाला दोनदा येऊन बघून गेला. दुपारी तिने एका शर्टाची सगळी बटणं उलट्या बाजूने लावली आणि मुकाट्याने पुन्हा काढली. संध्याकाळी आत्या वेळेच्या आधीच खाली आली, रिमोट हातात घेतला आणि जाहीर केलं, "मी साध्यावर लावते. साध्यावर बघायचं, छान म्हणायचं आणि मालिका लावायची."

एकच वाहिनी दोन आकड्यांवर दिसते, एकावर साधी, एकावर एचडी. आत्याने साधा आकडा दाबला. मी जमिनीवर उशीला टेकून बसले. आई नेहमीच्या जागी, भिंतीकडेच्या पलंगावर. टीव्हीसमोरची बाबांची खुर्ची, तिच्या हाताला बांधलेली टाचण्यांची गादी तशीच, रिकामी होती. आम्ही तिघी तिच्या कडेकडेने टीव्ही बघायला आता सरावलो होतो.

साहेब आले. राखाडी कोट, पांढरा शर्ट. पाणीकपातीचं काहीतरी सांगायला लागले.

"अगं बाई!" आत्या म्हणाली. "कसा मेणासारखा बसलाय बघ. कुठे चुणी नाही, झोळ नाही. डावा खांदासुद्धा कळत नाही. माझा भाऊ असता तर पाठ थोपटली असती. झालं! पास! लावू मालिका?"

खरंच छान दिसत होता. मी आईकडे बघितलं. ती आनंदी नव्हती. ती डोळे बारीक करून बघत होती. आपल्याशी गोड बोलणाऱ्या माणसाच्या खिशात काय आहे ते बघावं, तशी.

"वन्सं, साहेबांच्या मागे तो दुसरा बसलाय, तयार कपड्यांच्या दुकानातल्या कोटातला. त्याची बाही बघा."

"तीपण छानच आहे की."

"तेच म्हणतेय मी," आई म्हणाली. "ती गोणपाटासारखी शिवलेली असणार. साध्यात सगळ्यांच्याच बाह्या बसतात."

"मग बरंच आहे ना! दुरून डोंगर साजरे."

"डोंगर दुरून बघावेत, वन्सं. बाही नाही." ती उठली. "आणा तो रिमोट इकडे."

"अगं, तूच बंद करवलंस ना ते?"

"बंद असेल तर बंद दिसेल."

तिने एचडीचा आकडा दाबला. पडदा क्षणभर काळा झाला. मग साहेब पुन्हा आले. भुवईचा एकेक केस, टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यातली लहर, सगळ्यासकट.

"मेल्याने बंद केलंच नाही!" आई ओरडली. पण ते रागावणं ओठांपुरतंच होतं. तोवर ती बाबांच्या खुर्चीत बसली होती. तिच्या लक्षातही आलं नसावं. पडद्याच्या सगळ्यांत जवळची जागा तीच होती. आत्याने माझ्याकडे बघितलं, मी आत्याकडे.

आता कोट कोटासारखा दिसत होता. कापडाची वीण दिसत होती, गळ्याची मोड दिसत होती, आणि खांद्याच्या टोकावरून बाही जिथे खाली उतरते ती कमान. आई पुढे झुकली.

"डावी," ती पुटपुटली. "डावी बसलीय." मग तिची नजर दुसऱ्या खांद्यावर सरकली. "उजवीला आठी आहे."

"कुठे आहे?" आत्याने विचारलं. ती आता उभी राहून बघत होती.

"ही काय, पुढच्या बाजूला. जरा कपाळाला आठी पडते ना, तेवढी. मी घेर पुढे जास्त जिरवला. मागे ढकलायला हवा होता." ती हे दुःखाने म्हणत नव्हती. बाबा मंत्र्यांच्या कोटांबद्दल बोलायचे तो सूर होता. "पण बाही बसलीय. पोरी, बसलीय ना गं?"

"बसलीय, आई."

"तुला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली आणि हसली.

त्याच वेळी साहेब हवामान सांगायला उठले आणि मागच्या नकाशाकडे वळले. पाठ आमच्याकडे झाली. डाव्या खांद्यामागे, बाही आणि पाठ जिथे मिळतात तिथे, राखाडी कापडावर चार पांढरे टाके होते. ठसठशीत. टाक्यांच्या शेवटाला दोऱ्याचं सुटं टोक, आणि साहेब नकाशाकडे हात करतील तसं ते टोक हलत होतं. डोंगराळ भागात वारे, साहेब म्हणाले, आणि टोक फडफडलं.

"ते काय गं पांढरं?" आत्या म्हणाली. "केस आहे का त्यांचा?"

"केस नाही, वन्सं." आईचे दोन्ही हात डोक्यावर गेले होते. "तो माझा दोरा आहे."

खोलीत क्षणभर फक्त हवामान होतं.

"मी राहू दिला! हे राहू देतात म्हणून मीपण राहू दिला, आरशासमोर काढायला. आणि आरशासमोर उभं कुणी केलं? कुणीच नाही! कागदात गुंडाळला आणि दिला!" ती टीव्हीकडे हात करून ओरडली, "अहो साहेब, वळा! पुढे वळा! नकाशा पुरे झाला!"

साहेबांनी किनारपट्टी दाखवायला हात आणखी वर केला.

"अख्ख्या शहरासमोर," आई म्हणाली.

"अख्ख्या शहराकडे कुठे एचडी आहे?" आत्या म्हणाली.

"ज्यांच्याकडे आहे त्यांनी बघितला ना!"

"मग? ते जास्तीचे पैसे भरतात. त्यांना जास्तीचा एक दोरा नको का दिसायला?"

आणि आई हसायला लागली. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली असं मी म्हणणार नाही. मधून मधून ती हसायचीच, समोरच्याला बरं वाटावं म्हणून. हे तसं नव्हतं. ती खुर्चीत मागे रेलून, पदर तोंडात धरून, पोट दाबून हसत होती, आणि प्रत्येक वेळी साहेब नकाशाकडे वळले की नव्याने सुरू होत होती. आत्यालाही हसू आवरेना. मालिकेची वेळ होऊन गेली ते कुणाला कळलं नाही. शेवटी आईने डोळे पुसले, कशाकरता ओले झाले होते त्याचा हिशेब आम्ही कुणी केला नाही, आणि म्हणाली, "हे असते तर मला घरातून काढलं असतं."

"छे," आत्या म्हणाली. "आधी त्या साहेबाला काढलं असतं. कोट न घालता नेला म्हणून."

सकाळी दुकान उघडायला आणि साहेबांची गाडी यायला एकच गाठ पडली. या वेळी त्यांनी गाडी बंद केली. कोट अंगात होता. दोराही होता.

"अहो, तुम्हाला कुणी सांगितलं नाही?" आईने उंबऱ्यावरच विचारलं.

"मेकअप करणारीने सांगितलं ना. ती ओढायलाच निघाली होती. मी तिचा हात धरला."

"का?"

साहेब टेबलावरच्या कात्रीकडे बघायला लागले. रोज हजारो लोकांसमोर न अडखळता बोलणारा माणूस अडखळला.

"नाही, म्हणजे... मास्टर स्वतः काढायचे, म्हणून..."

"खरं सांगा."

"खरं सांगू? मला वाटलं, ओढला आणि बाहीच हातात आली तर? बातम्या सुरू व्हायला थोडाच वेळ होता. तुमची पहिलीच बाही ना, वहिनी."

मी मुद्रितात तोंड खुपसलं.

"बाही हातात येईल?" आई म्हणाली. "माझी बाही? या इकडे. आरशासमोर. उभे राहा."

ते उभे राहिले. आईने त्यांची डावी बाही मनगटाशी धरली आणि असा हिसका दिला की साहेब स्टुलाला अडखळून टेबलावर आले.

"आली हातात?"

"नाही."

"उजवी बघायचीय?"

"नको, नको. मला दोन्ही हात लागतात."

"सरळ उभे राहा मग."

तिने मागून बघितलं, पुढून बघितलं, त्यांना हात वर करायला लावले. डाव्या खांद्याखालची भरणी दोन बोटांनी चाचपली. आरशात तिचा चेहरा त्यांच्या खांद्यामागून अर्धाच दिसत होता. मग तिने नखाने टोक उचललं आणि ओढलं. सर्र झालं. दोरा तिच्या बोटांत लोंबत राहिला. पुढचे दोन शब्द म्हणायला तिने जरा वेळ घेतला. माझ्या हातातली ओळ मी तोवर कितीदा वाचली कोण जाणे. तीत चूक नव्हती.

"आता तुमचा," आई म्हणाली.

साहेबांनी मान हलवली. मग त्यांनी घसा साफ केला, बातम्यांच्या आधी करतात तसा. "निळा एक शिवायचा आहे. हिवाळ्याच्या आत."

"कापड आणा. आणि घालून बघितल्याशिवाय मिळणार नाही. गाडी चालू ठेवून आलात तर परत पाठवीन."

ते गेले. शेजारच्या कव्हरवाल्याने दारातून डोकं घातलं. "काकू, मग माझ्या जागेचं काय ठरलं?"

"तुझ्या नाही, माझ्या," आई म्हणाली. "माझीच ठरली."

दुपारी केबलवाला आला. आखूड केलेली पँट घातली होती, आणि चेहरा कर्तव्यदक्ष होता. "काकू, रागावू नका, सोमवारी जमलं नाही. आज मात्र एचडी बंद करूनच जातो."

"हात लावून बघ एचडीला!"

"अहो, तुम्हीच म्हणालात, फार दिसतं!"

"दिसतंच फार. उजव्या बाहीला आठी आहे. पुढच्या कोटात ती घालवायचीय. गेली की नाही हे मला दिसायला नको? का मी जाऊन त्यांच्या स्टुडिओत भिंग घेऊन बसू?"

केबलवाल्याने हात जोडले. "मी काय म्हणत होतो? एचडीवरून साध्यावर आलेलं गिऱ्हाईक मी अजून बघितलेलं नाही."

"आणि इकडे ये," आई म्हणाली. "डाव्या पायाची दुमड जरा वर गेलीय. हलला होतास तू."

त्या संध्याकाळी आत्याने मालिका एचडीत पाहिली आणि सासूच्या मिशीवर मनसोक्त बोलली. मग बातम्या लागल्या. आई बाबांच्या खुर्चीत बसली, टाचण्यांची गादी हाताशी घेऊन, पण मांडीवर काम नव्हतं. ती बघत होती. कुणीतरी बडा माणूस माइकांच्या गर्दीत उभा राहून कागद वाचत होता.

"अस्तर बाहेर डोकावतंय याचं," आई म्हणाली. "आणि मुंढा केवढा खोल. हात वर केला की सगळा कोट वर." मग मान वळवून मला म्हणाली, "का गं, काय म्हणतोय तो? राजीनामा दिला का?"

"मला काय माहीत? मी मुद्रितं बघतेय."

"मग ठेव ती खाली आणि ऐक. मी एकटी काय काय करू?"

मी मुद्रितं खाली ठेवली आणि आवाज वाढवला.